चाकूला धार लावणाऱ्याचा पोरगा झाला इंजिनिअरांचा गुरू. गास्पार मोंज यांची कहाणी

डिप्लोमाच्या किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या पोरांना विचारलं, की सगळ्यात जास्त डोकं कोणता विषय खातो, तर निम्मे तरी ड्रॉइंगचं नाव घेतील. भला मोठा बोर्ड, मिनी ड्राफ्टर, एच.पी., व्ही.पी., मधे ती एक्स-वाय रेष, आणि वस्तू समोर नसताना ती डोळ्यांपुढे उभी करायची. पाठांतर इथं कामाला येत नाही. बारावीला गणितात पैकीच्या पैकी मिळवलेली पोरं या पेपरला केटी घेऊन बसतात.

हे शास्त्र ज्यांनी बसवलं त्यांचं नाव गास्पार मोंज. आपल्या जिल्ह्यात, तालुक्यात ज्या संस्थांना आपण पॉलिटेक्निक म्हणतो, तो शब्दसुद्धा फ्रान्समधल्या ज्या कॉलेजातून जगभर गेला, त्या कॉलेजच्या उभारणीत हेच मोंज पुढे होते. सव्वादोनशे वर्षं झाली. पण एच.पी.-व्ही.पी. घासणाऱ्या पोरांना हे नाव सहसा कुणी सांगत नाही.

गास्पारचा जन्म मे 1746 मधला, फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या बोन या गावचा. द्राक्षं आणि वाइनचा हा मुलूख. बाप जाक मोंज फिरता विक्रेता आणि चाकू-कात्र्यांना धार लावून देणारा. घरची ऐपत बेताची, पण या माणसानं तिन्ही पोरांना गावातल्या पाद्र्यांच्या शाळेत घातलं आणि शिकू दिलं. तिघेही पुढे गणिताचे मास्तर झाले. गास्पार सगळ्यात हुशार. पुढच्या शिक्षणाला तो लियों शहरात गेला आणि सतराव्या वर्षी तिथंच भौतिकशास्त्र शिकवायला उभा राहिला.

1764 मध्ये सुटीला गावी आला तेव्हा त्यानं एक उद्योग केला. सगळ्या बोन गावाचा मोठ्या मापाचा नकाशा काढला. मोजणीची साधनं त्याची त्यानंच बनवली. नकाशा इतका चोख निघाला की तो एका लष्करी अधिकाऱ्याच्या नजरेस पडला. या अधिकाऱ्याचा संबंध मेझियेर इथल्या राजाच्या इंजिनिअरिंग शाळेशी होता. त्यानं पोराला तिकडे बोलावून घेतलं.

इथं पोराला पहिला दणका बसला. मेझियेरच्या शाळेत किल्ले बांधणारे अधिकारी तयार व्हायचे, आणि अधिकारी व्हायला खानदान लागायचं. धारवाल्याच्या पोराला त्या वर्गात जागा नव्हती. त्याला शाळेला जोडलेल्या कारखान्यात ठेवलं. तिथं नकाशे काढायचे, दगड कसे घडवायचे त्याचे प्लॅस्टरचे नमुने करायचे, असलं काम. खानदानी विद्यार्थी या विभागाकडे नाक मुरडून बघायचे. गास्पारला हे लागलं होतं, आणि ते त्यानं जन्मभर विसरलं नाही. पण एका अर्थानं त्याचं नशीब तिथंच उघडलं, कारण हाताने करायचं सगळं काम त्या कारखान्यातच होत होतं.

साधारण वर्षभरानं एक काम त्याच्याकडे आलं. किल्ल्याची तटबंदी अशी आखायची की समोरच्या उंचवट्यावरून शत्रूला आत ना दिसावं, ना गोळा टाकता यावा. आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. 1665 मध्ये दिलेरखानाने आधी वज्रगड घेतला आणि तिथून पुरंदरच्या माचीवर तोफा डागल्या, तो प्रकार. भिंत किती उंच आणि कुठं घ्यायची हे काढायला त्या काळी आकडेमोडीची पानंच्या पानं भरावी लागत. गास्पारनं आकडे बाजूला ठेवले. कागदावर रेषा मारून उत्तर काढलं आणि फारच लवकर कागद नेऊन दिला. वरिष्ठ अधिकारी तो बघायलाच तयार होईना. एवढ्या वेळात हा हिशोब होतच नाही, पोरानं काहीतरी ठोकून दिलंय, असं त्याचं म्हणणं. गास्पार हटला नाही. शेवटी तपासलं आणि उत्तर बरोबर निघालं.

त्यानं नेमकं केलं काय, ते घरातल्या कोपऱ्यात उभं राहून समजून घेता येतं. खाली फरशी, समोर भिंत. एक काठी हवेत तिरपी धरा. काठीच्या दोन्ही टोकांवरून ओळंबा सोडला तर फरशीवर दोन ठिपके मिळतात. ते जोडले की वरून दिसणारी काठी झाली. तीच दोन टोकं सरळ समोरच्या भिंतीवर नेली की समोरून दिसणारी काठी झाली. यातली एकच रेष कुणाला दाखवली तर काठी नेमकी कशी धरलीय ते त्याला सांगता येणार नाही. फरशीवर दोन फुटांची रेष असली तरी काठी तीन फुटांची असेल, नाहीतर पाच फुटांची. दोन्ही रेषा हाताशी असल्या की मग शंका राहत नाही. आता दाराचा पल्ला बिजागरीवर फिरावा तशी ती भिंत मागे पाडून फरशीच्या सपाटीत आणायची. दोन्ही चित्रं एकाच कागदावर आली, एक वर, एक खाली. मधली बिजागरी म्हणजे आपल्या पोरांची एक्स-वाय रेष.

याचा फायदा काय? कौलारू घराच्या कोपऱ्यातला तिरपा वासा घ्या. वरून काढलेल्या नकाशात तो 12 फूट दिसतोय आणि त्याचं एक टोक दुसऱ्यापेक्षा 5 फूट वर आहे. नकाशावर पट्टी लावून सुतारानं 12 फुटाचा वासा कापला तर तो पुरणार नाही. मोंजच्या रीतीत नकाशातली रेष कंपासनं फिरवून एक्स-वायला समांतर आणायची, म्हणजे समोरच्या चित्रात खरी लांबी आपोआप उघडी पडते. मोजली की 13 फूट भरते. वर्गमूळ काढायची गरज नाही. हा हिशोब सोपा आहे म्हणून तो पाढ्यानंही सुटेल. पण दोन गोल कमानी एकमेकींना छेदून जातात तिथला दगड कसा घडवायचा, हे आकड्यांनी काढायला बसलं तर दिवस जातो, आणि रेषांनी एका कागदावर सुटतं.

एक गोष्ट इथं सांगायला पाहिजे. असल्या युक्त्या पाथरवटांना आणि सुतारांना शेकडो वर्षं ठाऊक होत्या. बापाकडून पोराकडे, मिस्त्रीकडून हाताखालच्या गड्याकडे त्या जायच्या. प्रत्येक कामाची युक्ती मात्र वेगळी, आणि ती का लागू पडते हे सांगणारं कुणी नव्हतं. मोंजनं त्या सगळ्यांच्या तळाशी असलेली एकच रीत शोधली. कारखान्यातल्या लोकांत वावरल्याशिवाय ती त्याला दिसली असती का, हा प्रश्नच आहे.

रीत बरोबर ठरली आणि लगेच कुलपात गेली. किल्ल्यांचा मामला असल्यानं शाळेबाहेर कुणाला सांगायला मनाई झाली. शिकवायची ती फक्त मेझियेरच्या पोरांना. 1769 मध्ये मोंज तिथं गणित शिकवू लागले, पुढच्या वर्षी भौतिकशास्त्राचा वर्गही त्यांच्याकडे आला. ज्या वर्गात त्यांना बसू दिलं नव्हतं त्याच वर्गासमोर आता ते उभे होते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत लाझार कार्नो हाही होता, पुढे राज्यक्रांतीत फ्रान्सच्या फौजा उभ्या करणारा.

1777 मध्ये त्यांनी कॅथरीन युआर या विधवेशी लग्न केलं. तिच्याकडे लोखंडाची भट्टी होती, आणि त्या भट्टीमुळे मोंज यांना धातूकामाचा नाद लागला. 1780 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीवर निवड झाली. 1783 मध्ये नौदलात भरती होणाऱ्या उमेदवारांचे परीक्षक म्हणून नेमणूक झाली, आणि पुढच्या वर्षाअखेर त्यांनी मेझियेर सोडलं.

या परीक्षकपणाच्या गोष्टी त्यांचा चरित्रकार अरागो यानं लिहून ठेवल्यात. हा अरागो नंतरच्या पिढीतला मोठा शास्त्रज्ञ, मोंज यांच्याच कॉलेजचा विद्यार्थी. एका बड्या घराण्यातल्या पोराला मोंज यांनी नापास केलं. मंत्र्याकडून विचारणा झाली. तेव्हा त्यांनी कळवलं म्हणे, की पोराला घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, फक्त मग परीक्षकाचं पदही रद्द करा. दुसरी गोष्ट पुस्तकाची. त्यांच्या आधीचे परीक्षक बेझू वारले होते आणि त्यांचीच गणिताची पुस्तकं नौदलाच्या शाळांत चालत होती. मोंज यांनी नवी लिहावीत असा आग्रह झाला. पण बेझूंच्या विधवेचं पोट त्या जुन्या पुस्तकांवर चालतं म्हणून त्यांनी नकार दिला. फक्त स्थितिशास्त्रावर एक पुस्तक त्यांनी लिहिलं.

1789 मध्ये राज्यक्रांती झाली. जन्मावरून वर्गाबाहेर ठेवलेला माणूस कुठल्या बाजूला जाणार हे उघड होतं. ऑगस्ट 1792 मध्ये मोंज नौदल मंत्री झाले. मंत्री म्हणून मात्र त्यांचा जम बसला नाही. कारभारातले डावपेच हा त्यांचा पिंड नव्हता, आठ महिन्यांत ते बाहेर पडले. राजाचा शिरच्छेद जानेवारी 1793 मध्ये झाला तेव्हा ते मंत्रिमंडळात होते, आणि ही नोंद राजघराण्यानं लक्षात ठेवली.

खरं काम त्यानंतर झालं. चहूबाजूंनी फौजा फ्रान्सवर चालून आलेल्या, आणि बंदुकीच्या दारूला सोरा नाही. बाहेरून येणारा माल बंद. मग गोठ्यांतली, तळघरांतली माती खरवडून सोरा काढायची मोहीम देशभर निघाली. शिकवणार कोण? मोंज, त्यांचे मित्र रसायनशास्त्रज्ञ बर्तोले आणि इतर मंडळींनी 1794 मध्ये पॅरिसला झटपट वर्ग घेतले. प्रत्येक जिल्ह्यातून माणसं बोलावली. सोरा, दारू आणि तोफ ओतण्याचं काम काही आठवड्यांत शिकवलं आणि परत गावी पाठवून दिलं. तोफा ओतायच्या कलेवर मोंज यांनी चित्रांसकट पुस्तक लिहिलं. दिवसभर ते भट्ट्या आणि कारखाने पालथे घालत. साध्या कामगाराला थोड्या दिवसांत अवघड कसब शिकवता येतं, फक्त त्याला ते करून बघायला दिलं पाहिजे, हा अनुभव त्यांच्या गाठीशी बांधला गेला.

तेच त्यांनी नव्या कॉलेजात आणलं. 1794 च्या शेवटी पॅरिसला सार्वजनिक कामांची मध्यवर्ती शाळा सुरू झाली. वर्षभरात तिचं नाव एकोल पॉलिटेक्निक झालं. देशातल्या वेगवेगळ्या शहरांत परीक्षा घेऊन सुमारे 400 पोरं निवडली. खानदान विचारलं नाही. वेतन सरकार द्यायचं, राहायची सोय पॅरिसमधल्या कुटुंबांत. मेझियेरच्या फाटकावर गास्पारला जे अडवलं होतं, ते इथं काढून टाकलेलं होतं.

शिकवायची तऱ्हाही वेगळी. साधारण वीस-वीस पोरांची एक तुकडी, प्रत्येक तुकडीला वेगळी खोली, खोलीत ड्रॉइंगची टेबलं, आणि प्रत्येक तुकडीवर त्यांच्यातलाच एक थोडा पुढे गेलेला विद्यार्थी प्रमुख. हे प्रमुख मोंज यांनी आधीच निवडून, स्वतः शिकवून तयार केलेले. मोठ्या वर्गात भाषण झालं की पोरांनी आपापल्या खोलीत जायचं आणि ऐकलेलं कागदावर उतरवायचं. अडलं तर शेजारच्याला विचार, नाहीतर तुकडीप्रमुखाला. भूमिती कानानं शिकता येत नाही, ती बोटांतून शिकावी लागते, यावर मोंज यांचा भर होता. आज प्रॅक्टिकलची बॅच म्हणून आपण जे ओळखतो ते बरंचसं असंच असतं. फरक एवढाच, की आता पुष्कळ ठिकाणी बॅच नुसती हजेरीपुरती उरलीय आणि शीट शेजाऱ्याची बघून छापली जाते.

मोंज शिकवताना हात फार वापरायचे असं शिष्य सांगत. एखादा पृष्ठभाग हवेत कसा वळतो, दुसरा त्याला कुठून कापतो, हे ते दोन्ही हातांनी हवेतच दाखवत, आणि पोरांना फळ्याआधी तिथंच तो आकार दिसायचा. बोलणं काही फार सफाईदार नव्हतं. तरीही त्यांच्या वर्गातून पोरं हलत नसत.

याच सुमारास, जानेवारी 1795 मध्ये, पॅरिसला शिक्षक तयार करणारी एकोल नॉर्माल उघडली. हजाराच्या वर माणसं देशभरातून आली. तिथं मोंज यांनी आपली भूमिती पहिल्यांदा सगळ्यांसमोर मांडली. मेझियेरमध्ये कुलपात असलेली विद्या खुली झाली. लघुलेखक बसवून प्रत्येक शब्द टिपला आणि छापला. भाषणांखेरीज प्रश्नोत्तरांच्या बैठकाही व्हायच्या, श्रोत्यांनी उठून शंका विचारायच्या. कल्पना चांगली होती, पण सभागृह अपुरं, माणसं नाना तयारीची, आणि पुष्कळांच्या डोक्यावरून जात होतं. मे महिन्यात ती शाळा बंद पडली. भाषणं मात्र उरली आणि 1799 मध्ये त्यांचं पुस्तक झालं.

त्या पुस्तकाचा आणि त्या खोल्यांचा प्रवास लांबपर्यंत झाला. पोंसले नावाचा एक विद्यार्थी नेपोलियनच्या फौजेबरोबर 1812 मध्ये रशियात गेला आणि कैद झाला. सारातोव्हच्या बंदिवासात जवळ एकही पुस्तक नव्हतं. कॉलेजात शिकलेलं आठवून आठवून त्यानं भूमिती पुन्हा मांडली आणि त्यातून तिची एक नवी शाखाच निघाली. दुसरा क्लोद क्रोझे. तोही नेपोलियनचा अधिकारी, तोही रशियात पकडलेला. तो 1816 मध्ये अमेरिकेला गेला आणि वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकवू लागला. तिथं या विषयाचं इंग्रजीत पुस्तक नव्हतं आणि पोरांना फ्रेंच धड येत नव्हतं. क्रोझेनं काळा फळा आणि खडू घेतला आणि रेष मारत मारत शिकवलं. मग 1821 मध्ये स्वतःच पुस्तक लिहिलं.

तिसरा तेओदोर ओलिव्हिए. यानं 1830 च्या आसपास धातूच्या चौकटींत दोरे ताणून नमुने बनवले. दोऱ्यांच्या खालच्या टोकांना शिशाची वजनं. वरची कडी फिरवली की सरळ दोऱ्यांचं नळकांडं पोराच्या डोळ्यांदेखत पिळलं जाऊन डमरूसारखं मधे बारीक होतं. एकही दोरा वाकडा होत नाही, तरी आकार वाकतो. आज मोबाइलवर बोटानं थ्रीडी आकार फिरवून दाखवणारी ॲप आहेत, तसलाच हा खटाटोप, विजेशिवाय. पॅरिसच्या संग्रहालयात हे नमुने अजून आहेत.

मोंज यांच्या आयुष्याचा उरलेला भाग नेपोलियनच्या सावलीत गेला. 1796 मध्ये इटलीत जिंकलेल्या प्रदेशातून चित्रं आणि पुतळे निवडून पॅरिसला धाडायच्या समितीवर ते होते. सरळ सांगायचं तर ती लूट होती, आणि त्यात मोंज यांचा हात होता. तिथं नेपोलियनशी दोस्ती जमली. 1798 मध्ये ते त्याच्याबरोबर इजिप्तला गेले. वाळवंटात तहानेनं कासावीस झालेल्या शिपायांना पुढे तळं दिसायचं आणि जवळ गेलं की नाहीसं व्हायचं. मोंज यांनी या मृगजळाचं कारण लिहून काढलं, की तापलेल्या जमिनीलगतच्या हवेत उजेडाची वाट वळते आणि आभाळच जमिनीवर पाण्यासारखं दिसतं.

नेपोलियनच्या हाती सत्ता आली तसे मोंज सिनेटर झाले, 1808 मध्ये त्यांना काउंट ही पदवी मिळाली. जन्माच्या मोठेपणाविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसानं ती घेतली, हे त्यांच्या जुन्या मित्रांना खटकलं असेल तर नवल नाही. पण कॉलेजच्या बाबतीत ते बदलले नव्हते. नेपोलियननं पॉलिटेक्निकला लष्करी शिस्त लावली आणि पोरांवर फी बसवली, तेव्हा मोंज यांनी विरोध केला. ऐकलं गेलं नाही, तेव्हा आपले तिथले पैसे त्यांनी गरीब पोरांच्या फीकडे वळवले, असं अरागोनं लिहिलंय.

1815 मध्ये नेपोलियन कायमचा पडला आणि राजघराणं परत आलं. जुनी नोंद बाहेर निघाली. 1816 मध्ये मोंज यांचं नाव अकादमीतून काढून टाकलं. त्याच वर्षी पॉलिटेक्निकची सगळी पोरं घरी पाठवली आणि कॉलेज काही काळ बंद ठेवलं. म्हाताऱ्याला हा घाव सोसला नाही. आधीच खालावलेली तब्येत पार ढासळली. 28 जुलै 1818 रोजी पॅरिसमध्ये ते वारले.

कॉलेजच्या पोरांनी अंत्ययात्रेला जायची परवानगी मागितली. सरकारनं दिली नाही. पोरांनी हुकूम मोडला नाही. सुटीचा दिवस आला तेव्हा ती सगळी मिळून पेर लाशेझच्या दफनभूमीत गेली आणि थडग्यावर फुलं ठेवून आली. 1849 मध्ये बोनला त्यांचा पुतळा उभा राहिला. आयफेल टॉवरवर कोरलेल्या 72 नावांत त्यांचं नाव आहे. 1989 मध्ये, राज्यक्रांतीला 200 वर्षं झाली तेव्हा, फ्रान्सनं त्यांच्या अस्थी पेर लाशेझमधून काढून देशातल्या थोरांसाठी राखलेल्या पाँथिऑनमध्ये नेल्या.